रोजच्या इंग्रजीचे शब्द : निवडायचे कसे, टिकवायचे कसे

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या माणसाला इंग्रजीत प्रदूषणावर निबंध लिहिता येतो. कर्तरी वाक्याचं कर्मणी करता येतं. तोच माणूस परक्या शहरातल्या डॉक्टरसमोर 'मला मळमळतंय' एवढं सांगताना अडतो. व्याकरण त्याला येत असतं, आणि अवघड शब्दही बऱ्यापैकी येत असतात. 'डिसिप्लिन' आणि 'पोल्यूशन' त्याने पाठ केलेले आहेत. सूज, ठणका, खाज, चाळणी, नळ गळणं, सुटे पैसे, हे शब्द मात्र त्याला कुणी शिकवलेलेच नाहीत.

महाराष्ट्रात सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी माध्यमात ते पाचवीपासून सुरू होई आणि बहुधा धड्यातून परीक्षेपर्यंतच जाई. आज पस्तिशी ओलांडलेल्या अनेकांना वाटतं, आता वय झालं, शब्द लक्षात राहत नाहीत. त्यांना मला मनापासून सांगायचं आहे की ही अडचण बुद्धीची नाही आणि फारशी वयाचीही नाही. शब्द कोणते घ्यायचे आणि ते डोक्यात कसे राहतात, हे समजून घेतलं तर रोजच्या वीस मिनिटांत काम पुढे सरकतं. ते कसं, हे क्रमाने पाहू.

किती शब्द पुरतात?

जाडजूड शब्दकोश पाहून धीर सुटतो. पण कोणतीही भाषा आपले सगळे शब्द सारखे वापरत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६०च्या दशकात छापील इंग्रजीचे सुमारे दहा लाख शब्द गोळा करून मोजले गेले. त्यात एकटा 'द' जवळजवळ सात टक्के होता, आणि अवघ्या १३५ शब्दांनी निम्मा मजकूर व्यापला होता. 'ऑफ', 'अँड', 'टू', 'इन' असे हे शब्द आपल्याला आधीच येतात. त्यांच्या पुढचे एक-दोन हजार शब्द खरे कामाचे असतात. त्यानंतर मात्र प्रत्येक नव्या हजारातून मिळणारा फायदा कमी होत जातो.

हे ओळखून अध्यापन करणाऱ्यांपैकी एक म्हणजे मायकेल वेस्ट. ब्रिटिश काळात ते ढाक्याला होते. बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनपुस्तकांत जुने, क्वचित भेटणारे शब्द दाटीवाटीने भरलेले त्यांना दिसले. त्यांनी अशा शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घातले आणि नवा शब्द थोड्या थोड्या अंतराने येईल अशी पुस्तकं तयार केली. १९५३ साली त्यांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या सुमारे २००० मूळ शब्दांत सर्वसाधारण मजकुराचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग येतो. २०१३ मध्ये ब्राउन, कलिगन आणि फिलिप्स या अभ्यासकांनी तिची नवी आवृत्ती केली. तिच्यात सुमारे २८०० शब्द आहेत, त्यांची व्याप्ती ९२ टक्क्यांपर्यंत जाते, आणि ही यादी इंटरनेटवर मोफत मिळते.

न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये पुढचा हिशोब मांडला. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, बोलणं समजायला सहा-सात हजार. शब्दकुटुंब म्हणजे 'हेल्प', 'हेल्पफुल', 'हेल्पलेस' हे सगळे मिळून एक. हा पल्ला लांबचा आहे आणि तो वाचनाने हळूहळू गाठायचा आहे. सुरुवातीचं उद्दिष्ट दोन-अडीच हजारांचं ठेवावं.

पण यादीत जागा मिळते ती शब्द किती वेळा येतो यावर. 'इच' म्हणजे खाज. हा शब्द छापील मजकुरात क्वचितच येतो, म्हणून कोणत्याही यादीत तो खाली जाणार. ज्याच्या अंगाला खाज सुटली आहे त्याला मात्र तो आत्ता हवा असतो. म्हणून शब्द दोन ठिकाणांहून घ्यायचे. एक ही सर्वसाधारण यादी आणि दुसरा आपला स्वतःचा दिवस. दुसऱ्या ठिकाणाकडे शिकणाऱ्यांचं सहसा दुर्लक्ष होतं, आणि माझा भर त्यावरच आहे.

जवळची शिल्लक आधी मोजा

एका संध्याकाळी वही घेऊन बसा आणि मराठी बोलताना आपण सहज वापरतो ते इंग्रजी शब्द लिहून काढा. तिकीट, स्टेशन, बिल, इंजेक्शन, रिपोर्ट, चार्जर, सिलिंडर, प्लंबर, फॉर्म, सही करायचा पेन. यादी काही शेकड्यांवर जाते. यांचे अर्थ नव्याने शिकायचे नाहीत, फक्त तपासून घ्यायचे आहेत.

तपासायचं अशासाठी की काही शब्दांनी मराठीत येऊन वेगळा अर्थ घेतला आहे. आपण 'हॉटेलात' जेवतो. इंग्रजीत 'हॉटेल' ही मुख्यतः मुक्कामाची जागा, आणि जेवायची जागा 'रेस्टॉरंट'. आपल्या घराच्या 'गॅलरी'ला तिकडे 'बाल्कनी' म्हणतात. 'लाईट गेली' हे 'द पॉवर इज आउट' असं सांगावं लागतं. 'पार्सल' भारतातल्या इंग्रजीत चालतं, पण लंडनमध्ये त्यासाठी 'टेकअवे' आणि अमेरिकेत 'टू गो' म्हणतात. अशा शब्दांसमोर वहीत खूण करून ठेवा.

गटाची यादी नको, प्रसंग घ्या

शाळेत आणि शिकवणीत शब्द गटाने दिले जातात. आज फळं, उद्या भाज्या, परवा विरुद्धार्थी शब्द. ते नीटनेटकं दिसतं, पण शिकणाऱ्याला जड जातं. थॉमस टिंकहॅम यांनी १९९०च्या दशकात हे प्रयोगांनी तपासलं. एकाच जातीचे नवे शब्द एकत्र शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. एकाच प्रसंगातले, पण वेगवेगळ्या कामांचे शब्द एकत्र घेतले तर ते तुलनेने सहज बसतात. 'लेफ्ट' आणि 'राइट' एकाच दिवशी शिकलेल्या मुलाचा गोंधळ कितीतरी दिवस टिकतो, याचं कारण हेच. एक पक्कं झाल्यावर दुसरं घ्यावं.

म्हणून आठवड्याला एक प्रसंग निवडा, आणि तो तुमच्याच आयुष्यातला असू द्या. बँकेत खातं उघडणं, मुलाच्या शाळेत शिक्षकांना भेटणं, घर भाड्याने घेणं, घरात नळ दुरुस्त करून घेणं, यांपैकी काहीही. इथे आपण दवाखाना घेऊ. परदेशी मुलाकडे चार महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांना त्याची सगळ्यात जास्त गरज पडते.

आधी तो प्रसंग मराठीत बोलून पाहा. डॉक्टरांसमोर आपण खरोखर काय बोलतो? मग प्रत्येक वाक्याचं इंग्रजी शोधा.

- ताप आहे : 'आय हॅव अ फीव्हर.'
- घसा दुखतोय : 'आय हॅव अ सोअर थ्रोट.'
- पोट बिघडलंय : 'आय हॅव ॲन अपसेट स्टमक.'
- चक्कर येतेय : 'आय फील डिझी.'
- मळमळतंय : 'आय फील नॉशस.'
- अशक्तपणा वाटतो : 'आय फील वीक.'
- इथे सूज आहे : 'इट्स स्वोलन हिअर.'
- खाज सुटते : 'इट इचेस.'
- रात्री ठणकतं : 'इट थ्रॉब्ज ॲट नाइट.'
- ही गोळी उपाशीपोटी घ्यायची का? : 'शुड आय टेक धिस ऑन ॲन एम्प्टी स्टमक?'

ही वाक्यं शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. मराठीत दुखणं आपल्याकडे येतं. मला ताप आला, सर्दी झाली, चक्कर आली, भूक लागली. 'मला' म्हणायचं आणि क्रियापद दुखण्याला द्यायचं. इंग्रजी असं करत नाही. तिथे बोलणारा स्वतः पुढे येतो आणि 'आय हॅव', 'आय फील' किंवा 'आय ॲम' म्हणतो. हे साचे तोंडात बसले की नवा शब्द फक्त रिकाम्या जागेत ठेवायचा असतो. 'आय हॅव अ' नंतर 'कफ', 'हेडेक', 'रॅश', आणि 'आय फील' नंतर 'टायर्ड', 'कोल्ड', 'बेटर'. दहा वाक्यांच्या या यादीतून प्रत्यक्षात पन्नास वाक्यं बोलता येतात. सुटे दहा शब्द पाठ करून हे साधत नाही.

शब्दाचे सोबती

मराठीत चहा कडक असतो आणि पाऊस मुसळधार. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' आणि पाऊस 'हेवी'. अर्थाच्या अंगाने विचार केला तर याचं कारण सापडणार नाही. ते शब्द एकमेकांसोबत येतात, एवढंच. आपण परीक्षा देतो आणि गोळी घेतो, इंग्रजीत दोन्हीला 'टेक' चालतो. आपण दार बंद करतो आणि दिवाही बंद करतो, पण इंग्रजीत दार 'क्लोज' होतं आणि दिवा 'टर्न ऑफ'. 'क्लोज द लाइट' ऐकणाऱ्याला कळेल, पण ते इंग्रजी होणार नाही.

इंग्रजीतल्या जोडक्रियापदांची अनेकांना धास्ती वाटते. खरं तर मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. 'लिहून घे', 'लिहून दे', 'लिहून ठेव', 'लिहून टाक' या चारांत लिहिणं एकच आहे, पण पुढच्या शब्दाने प्रत्येकाचा अर्थ फिरतो, आणि आपण त्यात कधी चुकत नाही. इंग्रजीत हेच काम 'अप', 'आउट', 'ऑन', 'ऑफ' करतात. चप्पल घालणं 'पुट ऑन', काढणं 'टेक ऑफ', फॉर्म भरणं 'फिल इन', मुलाला शाळेतून आणणं 'पिक अप'. घरातला गॅस संपला तर 'वी हॅव रन आउट ऑफ गॅस'. यांची वेगळी यादी पाठ करू नका. ज्या प्रसंगात जे भेटेल ते तिथेच, वाक्यासकट, लिहून घ्या. वहीचा एकच नियम ठेवावा : सुटा शब्द लिहायचा नाही, सोबत्यासह लिहायचा.

सोबती शोधायला शिकणाऱ्यांसाठी केलेले इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश सर्वांत उपयोगी आहेत. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी सहकाऱ्यांसह असा कोश तयार केला. तो १९४२ मध्ये तिथे छापला गेला आणि पुढे ऑक्सफर्डने १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. शब्दाचा अर्थ देऊन थांबायचं नाही, तो वाक्यात कसा बसतो हेही दाखवायचं, अशी त्याची धाटणी होती. लाँगमनने १९७८ च्या कोशात सगळे अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच सांगितले. म्हणजे ते दोन हजार शब्द आले की पुढचे सगळे इंग्रजीतूनच समजून घेता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतात. अर्थाखालची उदाहरणं आधी वाचा, त्यांत सोबती सापडतात.

कानाने खात्री करा

देवनागरीत जसं लिहितो तसं वाचतो. ही सवय इंग्रजीत घात करते, कारण तिथे लेखन आणि उच्चार यांची फारकत झालेली आहे. पावतीच्या 'रिसीट'मध्ये लिहिलेला 'पी' उच्चारला जात नाही. भाजीचा उच्चार 'व्हेज्टबल' आणि आरामशीरचा 'कम्फ्टबल' असा आखडून होतो. आघातही जागा बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अवयवावर असतो, 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर. आघात चुकला तर शब्द बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही.

ऑनलाइन कोशात शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं. ते दाबून ऐका, मोठ्याने म्हणा, मग उच्चार देवनागरीत लिहा आणि आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढा. मराठी लेखनात 'ॲ', 'ऑ' आणि 'व्ह' यांची सोय आहेच. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'वेस्ट' म्हणताना ओठ गोल होतात. लिहिण्यातला हा फरक बोलण्यातही पाळला की पुष्कळ गोंधळ टळतो.

विसरण्याचा वेग आणि त्यावरचा उपाय

जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये स्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि वेगवेगळ्या अंतराने तपासायचं. विसरणं सगळ्यात वेगाने होतं ते पहिल्या तासाभरात आणि पहिल्या दिवसात, आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. म्हणजे सोमवारी लिहिलेला शब्द मंगळवारी आठवला नाही तर ते सर्वांच्याच बाबतीत घडतं. उजळणी लवकर हवी आणि नंतर तिच्यातलं अंतर वाढत गेलं पाहिजे.

उजळणी कशी करायची, याचं उत्तर जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांच्या २००८ मधल्या प्रयोगातून मिळतं. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द त्यांच्या इंग्रजी अर्थांसह दिले होते. काहींनी येऊ लागलेले शब्दही स्वतःला पुन्हा पुन्हा विचारले. काहींनी एकदा आलेला शब्द विचारणं सोडलं. त्यांतले काही तो नुसता पुन्हा पाहत राहिले. आठवड्याने पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, दुसऱ्या प्रकारच्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. वही उघडून वाचत बसणं म्हणजे उजळणी नव्हे. वही झाकून आठवायचा प्रयत्न करणं ही खरी उजळणी.

यासाठी सोपी सोय आहे. जुन्या पत्रिकांचे पाठकोरे तुकडे कापून पत्ते करा. एका बाजूला मराठी वाक्य : 'उभं राहिलं की चक्कर येते.' दुसऱ्या बाजूला इंग्रजी : 'आय फील डिझी व्हेन आय स्टँड अप.' दिशा नेहमी मराठीकडून इंग्रजीकडे असावी, कारण बोलताना आपण त्याच दिशेने जातो. इंग्रजी पाहून अर्थ ओळखणं फार सोपं असतं, आणि त्याने येतं असा खोटा भास होतो. पत्ता उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचं.

पत्त्यांच्या उजळणीची रीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ च्या जर्मन पुस्तकात मांडली. एका खोक्यात पाच कप्पे करा. नवा पत्ता पहिल्या कप्प्यात. बरोबर आला की पुढच्या कप्प्यात सरकतो, चुकला की पुन्हा पहिल्यात येतो. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. अशाने वेळ अवघड शब्दांवर खर्च होतो, आलेल्यांवर नाही. मोबाईलवर हेच काम 'अंकी' नावाचं ॲप करतं. हाताने लिहिलेले पत्ते किंवा ॲप, जे रोज हाताळलं जाईल ते घ्या.

नवे पत्ते दिवसाला पाचच करा. आठवड्याचे सहा दिवस आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले तरी १५०० होतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी चाळीस केले तर दोन आठवड्यांत उजळणीचा ढीग साचतो, आणि खोकं माळ्यावर जातं.

ओळखीचा शब्द जिभेवर आणणे

वाचताना कळणारे शब्द आणि बोलताना वेळेवर आठवणारे शब्द यांत मोठं अंतर असतं. ते कमी करायला तीन सवयी लावून घ्या.

पहिली, एकट्याने बोलणं. स्वयंपाक करताना किंवा गाडीवरून जाताना हातातलं काम इंग्रजीत सांगत राहा. मध्येच शब्द अडतो तिथे मराठी शब्द टाकून पुढे जा आणि घरी येऊन तेवढाच शोधा. तुम्हाला नेमके कोणते शब्द हवे आहेत, हे दुसऱ्या कोणत्याही यादीपेक्षा या अडण्यातून जास्त चांगलं कळतं. याच्याशी जोडलेला आणखी एक सराव आहे. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत सांगायची, मग तीन, मग दोन. मजकूर तोच असल्याने लक्ष वेगाकडे जातं आणि शब्द पटापट येऊ लागतात.

दुसरी, सोपं वाचन. शिकणाऱ्यांसाठी मर्यादित शब्दांत लिहिलेली गोष्टींची पुस्तकं मिळतात. पानावर पाचाहून जास्त शब्द अनोळखी असतील तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा आणि खालच्या पायरीचं घ्या. एक शब्द पक्का होण्याआधी तो पुष्कळ वेळा, वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो, आणि एवढ्या भेटी घडवून आणायला वाचनाइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

तिसरी, शब्द नसताना निभावून नेणं. चाळणीला काय म्हणतात ते आठवत नसेल तर 'द थिंग वी युज टू स्ट्रेन टी' म्हणा. वस्तू समोर असेल तर 'व्हॉट डू यू कॉल धिस?' असं विचारा. हे विचारण्यात कमीपणा नाही, आणि अशा वेळी मिळालेला शब्द सहसा विसरला जात नाही.

प्रगती मोजताना मात्र पत्ते मोजू नका, कामं मोजा. महिन्याच्या सुरुवातीला चार कामं लिहून ठेवा : फोनवर डॉक्टरांची वेळ घेणं, दुकानात वस्तू बदलून मागणं, रस्ता विचारून त्याचं उत्तर समजून घेणं, शेजाऱ्याला आपल्या गावाबद्दल दोन मिनिटं सांगणं. महिनाअखेरीस त्यांतलं जे जमलं त्यावर रेघ मारा. जे राहिलं त्यात कोणता शब्द अडला ते पाहा, आणि पुढच्या महिन्याचा पहिला पत्ता त्याच शब्दाचा करा.